फ्रिजचा प्लग

सरकारी दवाखान्यात स्पीकरवर प्रार्थना सुरू झाली आणि लसीसाठी आलेल्या साऱ्या आया उठून उभ्या राहिल्या. ती बसूनच राहिली. मांडीवरची लेक नुकती कुठे झोपली होती, आणि तिची नजर कोपऱ्यात खिळली होती. लसींच्या फ्रिजचा दिवा विझलेला. प्लग जमिनीवर लोळतोय आणि त्याच्या जागी स्पीकरचा ऐटीत बसलाय.

"सिस्टर, फ्रिज बंद आहे!"

"प्रार्थना संपली की लावते हो. चालू प्लग एकच आहे. रोजचंच आहे हे."

रोजचंच! गारवा गेला की लस बिघडते. म्हणजे लेकीच्या अंगात आज नेमकं काय टोचणार होते?

"अगं, ऊठ ना," सासूबाई कुजबुजल्या. "चारचौघांत शोभा नको."

सुपरवायझर पुढे आले. "बाई, नुसत्या सुईनं भागत नाही. वरच्याची कृपा लागते."

"ती मी घरी रोज मागते, साहेब. इथं लस मागायला आलेय."

"म्हणजे धर्माच्या विरोधात तुम्ही?"

"छे! मी फ्रिजच्या बाजूनं आहे."

कुणीतरी फिस्सकन हसलं. शेजारची बाई हळूच म्हणाली, "आमची प्रार्थना वेगळी. तरी उभी राहते बापडी. बसलं की नंबर शेवटी टाकतात."

आता मात्र तिचं डोकं सणकलं. लेकीला सासूबाईंकडे देऊन ती तरातरा गेली आणि तिनं स्पीकरचा प्लग उपटला. त्याच्या जागी फ्रिजचा बसवला. फ्रिज घुरघुरला.

"प्रार्थना तोडलीत?" साहेब कडाडले. "लस मिळणार नाही तुम्हाला!"

"यातली नकोच मला. दुसऱ्या दवाखान्यातून बर्फाच्या पेटीत ताजी मागवा. सगळ्यांसाठी. तोवर हलत नाही मी."

शेजारची बाईही खाली बसली. मग तिच्या पलीकडची. साहेब स्पीकरची वायर घेऊन भिंतीकडे वळले, तर सासूबाई तिथं खुर्ची ओढत पोचलेल्या. नात मांडीवर, पाठ प्लगला. तुटलेली प्रार्थना त्या जिथून तुटली तिथूनच हळू आवाजात म्हणत होत्या.

शेवटचा शब्द झाल्यावर त्यांनी डोळे उघडले.

"माझी विजेवर चालत नाही," त्या म्हणाल्या. "करा फोन. पेटी मागवा."