मुंजाबांचा जुना नंबर

ऑडिट रिपोर्ट अपलोड झाला होता. आता ट्रस्टचे अध्यक्ष म्हणून मुंजाबांनी तो ऑनलाइन मान्य केला की संपलं. आज शेवटची तारीख. चुकली तर वसतिगृहाची करमाफी जाणार, देणग्यांवर कर बसणार आणि मेंढपाळांच्या मुलींना दिवाळीनंतर परत बोलावता येणार नाही, हे सीएंनी सकाळीच सांगितलं होतं.

मी बटण दाबलं. "काका, ओटीपी सांगा."

मुंजाबांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला. "कायच नाय आलं."

"आधारला हाच नंबर आहे ना?"

"नाय, त्यो जुना. गंगथडीला, गोदाकाठी मेंढ्या चारायला जातो, तितं त्याला रेंजच नव्हती, म्हनून दुसरं कार्ड घेतलं. जुनं बंद पडलं."

जुन्या नंबरवर फोन लावला. रिंग गेली. म्हणजे कंपनीनं तो दुसऱ्या कुणाला दिला होता. आधारचा नंबर बदलायला काही दिवस लागतात. आमच्या हातात फक्त संध्याकाळ होती.

"कोन?" एका बाईंचा आवाज.

"मी सुकेशनी. करमाडच्या मुलींच्या वसतिगृहाचे हिशेब बघते. तुमच्या फोनवर आत्ता एक ओटीपी..."

"अगं बाई! इतक्या गोड आवाजात लुटती व्हय?"

"मावशी, हा नंबर आधी मुंजाबांचा होता."

"मेंढ्यावाला मुंजाबा? त्याच्यापायी जीव गेलाय माझा! रोज कुनीतरी इचारतंय, बोकड केवढ्याला देता. दे त्याला फोन."

मुंजाबांनी फोन घेतला. "ताई, चुकलं माजं. पोरींचं काम हाय. तेवढा आकडा सांगा."

पलीकडे टीव्हीचा आवाज बारीक झाला.

"थांबा, वाचते. ह्यात लिहिलंय, हा ओटीपी कुनालाच सांगू नका. खरंय का गं पोरी?"

बँकेच्या ओटीपीची गोष्ट वेगळी आणि ह्याची वेगळी, असं काहीतरी जिभेवर आलं होतं.

"खरंय," मी म्हणाले. "पण मावशी, आमचं..."

"माझ्या पोराचे पैसे असेच गेले गं. त्यो लुटनारा बी लई रडकुंडीला येऊन बोलत हुता." फोन कट झाला.

मी पुन्हा लावला. बंद.

"कुठं ऱ्हाती ती?" मुंजाबा उठले. "जाऊन पाय धरतो."

"नंबरवरून पत्ता कळत नाही, काका."

तरी ते चपला घालून दारात उभे राहिले. मी 'ओटीपी पुन्हा पाठवा'वर क्लिक केलं. तो तिच्याचकडे जाणार होता.