वरचं पेट्रोल, खालचा रस्ता

या मित्रांनो, जवळ या. पत्रा तापलाय, जपून टेका. सावलीला बसा, एका भरल्या टाकीची गोष्ट सांगते.

मी एक जुनी जीप आहे. आता फार दमले आहे. मागच्या बाकावर कोंबड्या अंडी घालतात आणि त्यांचा राग धरायचाही मला कंटाळा येतो. पण एके काळी डोंगरावरचं हे सगळं गाव माझ्या पाठीवर होतं. आजारी माणसं, दुधाचे कॅन, नव्या नवरीचं कपाट! चढावर मला धाप लागली, की माझे मालक तात्या स्टिअरिंग थोपटून म्हणायचे, "चल गं बाई, माहेर आलं." असं म्हटल्यावर कोण थांबेल?

तात्यांना भजनाचं वेड. कॅसेट लागली, की झांजांच्या ठेक्यावर त्यांची मान डोलायची.

वरच्या पंपावर कमी ऑक्टेनचंच पेट्रोल मिळायचं. ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची ताकद नव्हे, त्याचा धीर. इंजिनात दाब पडला तरी वेळेआधी पेटायचं नाही, हा तो धीर. वर हवा विरळ, दाब कमी. तिथे थोड्या धीराचं पेट्रोलही माझ्यासारख्या जुन्या इंजिनाला पुरतं. खाली हवा दाट. तिथे तेच पेट्रोल उतावळं होतं, अवेळी भडकतं आणि पिस्टनवर घाव घालतं.

तात्यांच्या लेकीला कळा सुरू झाल्या, तेव्हा बाळ आडवं होतं. सुईण म्हणाली, "खालच्या दवाखान्यात न्या, लगेच!" तात्यांनी वरच टाकी काठोकाठ भरली. वाटेत थांबायला नको, एवढाच बापाचा विचार.

उतारावर मी गप्प होते. सपाटीला लागलो, तात्यांनी वेग वाढवला आणि माझ्या पोटात टिणटिण सुरू झाली. तात्यांना वाटलं, झांजाच. लेकीला आधार वाटावा म्हणून त्यांनी भजन लावलं होतं.

मागे लेकीचं डोकं मांडीवर घेऊन तिची आत्या बसली होती. ती म्हणाली, "दादा, ते भजन बंद कर बघू."

"अगं, देवाचं नाव आहे, असू दे."

"देव कुठे पळून जात नाही. आधी बंद कर!"

भजन थांबलं. झांजा चालूच राहिल्या.

तात्यांचा चेहरा उतरला. समोर पंप होता, जास्त ऑक्टेनचं पेट्रोलही होतं. पण भरल्या टाकीत ते घालणार कुठे? पाय सैल सोडला, की टिणटिण थांबे. पण हळू जाऊन पोहोचणार कधी?

"बाबा, नाही सहन होत," लेक कण्हली.

तात्यांनी डॅशबोर्डवर हात ठेवला. "माफ कर गं बाई," म्हणाले आणि पाय दाबला.

दवाखान्याच्या दारात माझा पिस्टन फुटला. थोड्या वेळानं आतून बाळाचं रडणं ऐकू आलं. त्यानंतर मी कधी चालू झाले नाही; मला ओढूनच वर गावात आणलं.

पुढे तात्या वरच्या पंपावर उतरणाऱ्या गाड्या अडवायचे. "खाली जाताय ना? मग थोडंच भरा, बाकीचं खाली चांगलं घ्या." नव्या टर्बोच्या गाड्या वरही हवा दाबून घेतात, त्यांना सांगायचे, "कंपनीनं सांगितलंय तेच घाला, गावाचं ऐकू नका." लोक हसायचे, "झालं, तात्यांचं पेट्रोलपुराण सुरू!" तेही हसायचे. मग इथे येऊन माझ्या सीटवर नुसते बसायचे. कॅसेट लावायचे नाहीत.

आता ते येत नाहीत. सीटवर त्यांचा खळगा तेवढा उरलाय. कोंबड्याही तिथे बसत नाहीत, का कोण जाणे.

मित्रांनो, गाडी टिणटिणली, तर गाणं थांबवून तिचं ऐका. आणि डोंगरावर टाकी भरताना मी नाही आठवले तरी चालेल. लेकीसाठी मला खर्ची घालताना आधी माझी माफी मागणारा तो बाप तेवढा आठवा.