रिकाम्या बर्फातला रेणू

प्रथिनाचं चित्र इतकं देखणं आलं की संचालक हेमचंद्र सरांनी ते आधी मंत्र्यांना पाठवलं. मग आठवण झाली म्हणून, ज्या शांतीने ते काढलं होतं तिला.

परळच्या एका बंद गिरणीच्या जागेवर ही प्रयोगशाळा. क्षयाच्या जंतूतलं प्रथिन पाण्यात घालून क्षणात गोठवायचं, बर्फाच्या पापुद्र्यात अडकलेले त्याचे रेणू इलेक्ट्रॉनच्या सूक्ष्मदर्शकाखाली धरायचे आणि लाखो फोटो काढायचे. एकेक फोटो म्हणजे मुंग्या आलेला टीव्ही. कॉम्प्युटर त्यातले रेणू वेचून एकावर एक ठेवतो, मुंग्या पुसल्या जातात, आकार वर येतो. काय वेचायचं ते कळावं म्हणून शांतीने त्याला एका जवळच्या, आधीच माहीत असलेल्या प्रथिनाचा आकार नमुना म्हणून दिला होता. शुक्रवारी घोषणा होती. घोषणेनंतर कंत्राटी लोकांतला एक जण कायम होणार होता, आणि तो कोण हे कुणी विचारतही नव्हतं.

तिच्याच हुद्द्यावरचा रमाकांत चहाचा कप घेऊन आला.

"मॅडम, राग येणार नसेल तर एक बोलू?"

"येणार. बोल."

"तुमचा रेणू नमुन्याचा चुलतभाऊ निघायला हवा होता. जुळा निघालाय."

"मी बनवलाय म्हणतोस?"

"तुम्ही नाही हो. त्या कॉम्प्युटरला जे दाखवलं, तेच तो शोधत बसला असेल. एकदा नुसत्या बर्फाचे फोटो टाकून बघा."

हा माणूस आयुष्यभर दुसऱ्यांच्या भातातले खडे वेचणार, असं शांतीचं मत होतं. त्याचं तोंड कायमचं बंद व्हावं म्हणून तिने प्रथिनाचा अंशही नसलेल्या बर्फाचे फोटो कॉम्प्युटरला दिले. नमुना तोच ठेवला.

दुसऱ्या दिवशी पडद्यावर तोच रेणू उभा होता. जरा जास्तच रेखीव.

दोन्ही चित्रं घेऊन ती सरांकडे गेली.

"सर, यातलं प्रथिनाचं कुठलं?"

सरांनी चष्मा वर केला, खाली केला आणि उजव्यावर बोट ठेवलं. "हे. यात जीव आहे."

"तो रिकामा बर्फ आहे, सर. चूक माझीच आहे. नमुना न देता सगळं पुन्हा करते. सहा महिने लागतील."

"सहा महिन्यांनी हेच मंत्री असतील, असं कोणी लिहून देतं का?" सरांनी उजवं चित्र आपल्याकडे ओढलं. "हेच लावू. स्वच्छ आहे."

"मग शुक्रवारी मंचावर मी बोलणार नाही."

"बोलू नका. बोलणारे पुष्कळ आहेत."

पुष्कळ नव्हते, एकच होता. शुक्रवारी सभागृहाच्या दाराशी रमाकांत नवा ब्लेझर घालून उभा होता.

"तूच सांगितलंस ना मला?" शांती म्हणाली.

"सांगितलं. तुम्ही ऐकलंत, त्याला मी काय करू?"

तो आत गेला आणि रिकाम्या बर्फाबद्दल फार चांगला बोलला. कुठे औषध चिकटवता येईल तो खळगासुद्धा त्याने लाल ठिपक्याने दाखवला. मंत्र्यांनी खळगा पुन्हा दाखवायला सांगितला. टाळ्या झाल्या. रमाकांत कायम झाला.

शांती चालत घोडपदेवला घरी आली. तिचे वडील कुशाबा, त्याच गिरणीतले विणकर. ब्याऐंशीच्या संपात ते गेटच्या आत गेले नाहीत; नोकरी गेली ती गेलीच. शेजारचा दौलत चोरून कामावर गेला, तर तो मरेपर्यंत त्याच्याशी बोलले नाहीत. ही गोष्ट सांगताना त्यांचा आवाज अजून चढायचा. शांती याच गोष्टीवर वाढली होती.

तिने जेवताना सगळं सांगितलं. शाबासकी मिळेल म्हणून ती थांबली.

कुशाबांनी बांगड्याचा काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला.

"तूच बोलायचं होतंस गं," ते म्हणाले.

"आबा, तुम्ही गेला होतात आत?"

"नाही गेलो. म्हणून तर सांगतोय."

आणि त्यांनी आणखी भात मागितला.