बाकाखालची काचपेटी

मी एक जुनी काचपेटी आहे, मित्रांनो. काचेतून आरपार दिसतं, म्हणून लोकांना वाटतं हिच्या पोटात काही राहत नसेल. तसं नसतं. माझ्या पोटात एक गोष्ट राहून गेली आहे आणि ती मला फार बोचते. ती तुम्हाला सांगावी म्हणून आज बोलायला बसले आहे.

माझा जन्म दूर उत्तरेकडच्या एका बर्फाळ देशात, कुओपिओ शहराबाहेरच्या एका कारखान्यात झाला. तिथे खिडक्यांच्या काचा कापत. उरलेल्या जाड काचांतून मला जोडलं, वर जाळीचं झाकण बसवलं. ज्याने जोडलं त्याने माझ्या कडांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "ही कुणाचं बोट कापायची नाही." मला किती अभिमान वाटला म्हणून सांगू! आपल्या हातून कुणाला इजा होणार नाही, असं मी तेव्हापासून धरून चालले.

तिथून मी रित्वाकडे गेले. रित्वा पूर्वी शाळेची बस चालवायची. निवृत्त झाल्यावर तिने मागच्या खोलीत साप आणि पाली वाढवायला घेतल्या. पाळायला प्राणी हवा असला की लोक तिच्याकडे येत आणि तिच्या तोंडाचा पट्टाही ऐकून जात.

"सरडा हवाय? कशाला, फोटो काढायला? मग फोटोच न्या, माझ्याकडे ढीगभर आहेत."

रंग बदलणारा सरडा मागणाऱ्याला ती म्हणे, "पहिल्यांदाच पाळताय ना? अहो, तो रुसला तरी आजारी पडतो आणि खूश झाला तरी आजारी पडतो. तुम्हीच आजारी पडाल." हिरव्या घोरपडीसारख्या दिसणाऱ्या पिल्लावर कुणाचा जीव जडला, तर म्हणे, "आज हा तळहातावर मावतो. मोठा झाला की ह्याला हे घर द्या आणि तुम्ही दुसरं बघा."

सेल्मा तिच्या बाबांबरोबर आली, तेव्हा मी खिडकीशी होते. अकरा वर्षांची मुलगी. कुत्रा-मांजर जवळ आलं की शिंकून शिंकून हैराण व्हायची. तिला केस नसलेला सोबती हवा होता. रित्वाने एक केशरी साप तिच्या मनगटावर ठेवला. त्याने हळूच वेढा घातला आणि सेल्माचा चेहरा असा उजळला की काही विचारू नका.

"पहिला साप म्हणून ह्याच्याइतका गरीब मिळायचा नाही," रित्वा म्हणाली. "विषारी नाही, चिडका नाही. आठवड्याला एक उंदीर. मेलेला, बर्फातला. फ्रीजरमध्ये ठेवायचा आणि कोमट करून द्यायचा."

"फ्रीजरमध्ये?" सेल्माचे बाबा, यारक्को, मागे सरकले. "तिथे माझ्या आईने वेचलेल्या बेरी आहेत. बेरींशेजारी उंदीर दिसला ना, तर ती मलाच फ्रीजरमध्ये घालील."

सगळे हसले. पण सेल्माने साप उचलून रित्वाच्या हातात परत दिला. "आजीला साप आवडत नाहीत," ती म्हणाली. आजीच्या गावी, तळ्याकाठी, फुरशी निघतात. आजी साप हा शब्दसुद्धा उच्चारत नसे, 'तो लांबडा' म्हणे.

मग रित्वाने मुरूला आणलं. मुरू म्हणजे पाल. पिवळी, अंगभर बिबट्यासारखे काळे ठिपके. तुमच्या घरात पाल भिंतीवरून फुकट फिरते आणि तुम्ही झाडू घेऊन तिच्यामागे लागता, हे ऐकून आहे मी. ही पाल भिंतीवर चढत नाही. हिला पापण्या असतात. तिने सेल्माकडे पाहिलं आणि दोन्ही डोळे सावकाश मिटून उघडले. झालं, सेल्मा तिथेच विरघळली.

"एका बाजूला ऊब, दुसऱ्या बाजूला गारवा," रित्वा समजावत होती. "तिला हवं तेव्हा हवं तिथे जाता आलं पाहिजे. लपायला एक ढोली. खायला रातकिडे, त्यांना ही कॅल्शियमची पांढरी पूड लावून. शेपटी धरायची नाही. बस्स. नवशिक्यांसाठी ह्याहून सोपी पाल नाही. घरी कोण कोण असतं?"

"आम्ही दोघंच," यारक्को म्हणाले.

ते खोटं नव्हतं. पण सेल्मा आपल्या बुटांकडे बघत राहिली, हे मी पाहिलं.

रित्वाने मुरूबरोबर मलाही देऊन टाकलं. 'सोपी' हा शब्द ऐकून मला आपलाच सन्मान झाल्यासारखं वाटलं होतं. आता तो शब्द आठवला की अंगावर काटा येतो. सोपी म्हटल्यामुळे आम्ही सगळेच निर्धास्त झालो.

घरी आल्यावर सेल्माने धीर करून आजीला फोन लावला. आवाज खोलीभर ऐकू येत होता. "आजी, समज, आमच्याकडे एखादी पाल असली तर?"

"पाल? असलं काही घरात आलं तर माझं पाऊल लागायचं नाही तिथे, सांगून ठेवते!" आजी म्हणाली आणि खो-खो हसली.

मित्रांनो, ते हसू मी ऐकलं होतं. सेल्माने मात्र फक्त शब्द ऐकले. "अगं, समज म्हटलं ना," ती घाईघाईने म्हणाली आणि तिने विषय बदलला.

त्यानंतरचे महिने सुखाचे गेले. मुरू संध्याकाळी ढोलीतून डोकं काढी आणि सेल्मा शाळेतलं सगळं तिला सांगत बसे. रातकिडे मात्र फार वांड. एक निसटून फ्रीजच्या मागे गेला आणि तिथेच संसार थाटून गाऊ लागला.

फेब्रुवारीत शाळेला स्कीची सुट्टी लागली आणि आजी येणार असा निरोप आला. बाप-लेकीने एकमेकांकडे पाहिलं.

"सांगून टाकू या का?" सेल्माने विचारलं.

"आल्या आल्या? दारातूनच परत फिरेल ती," यारक्को म्हणाले. "दोन-तीन दिवसांचा तर प्रश्न आहे. सौनात ठेवू."

इथे घर लहान असलं तरी त्यात सौना असतोच. सौना म्हणजे वाफेने अंग शेकायची खोली: लाकडी बाकं, तापलेले दगड, वाफ. पण ह्या दोघांनी आपला सौना कधी तापवलाच नव्हता. इमारतीच्या तळघरात सगळ्यांचा मिळून एक होता, आपली पाळी आली की तिथे जायचं. घरच्यात स्की ठेवायच्या, कपडे वाळत घालायचे. यारक्कोंनी मला खालच्या बाकाखाली, अगदी मागे सरकवलं आणि पुढे लाकडी चौरंग ठेवला. सेल्माने गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून माझ्याशेजारी ठेवली. "मुरू, थोडेच दिवस हं," ती वाकून म्हणाली.

आजीचं नाव केर्तू. ती आली आणि स्वयंपाकघरातूनच तिचा आवाज ऐकू आला. "अगंबाई, रातकिडा! भर थंडीत! घरात रातकिडा गातो म्हणजे शुभ, तुमच्या घराला चांगले दिवस आले म्हणायचे." यारक्को उगाच खोकले. मग आजीने विचारलं, "सौना कुठल्या वारी तापवता?"

"वेळच होत नाही गं आई. खाली जातो, सगळ्यांच्यात."

"स्वतःचा सौना असून?" आजी एवढंच म्हणाली. पण तिला ते लागलं. शनिवारी सौना तापला नाही असा तिच्या आयुष्यात एक आठवडा गेला नव्हता.

शनिवारी बाप-लेक गोठलेल्या तळ्यावर स्कीला गेले. आजीचा गुडघा दुखत होता म्हणून ती घरी राहिली. थोड्या वेळाने सौनाचं दार उघडलं. आजी गुणगुणत होती. तिने कपड्यांची दोरी सोडली, ओल्या फडक्याने बाकं पुसली, शेगडीचे दगड नीट रचले. तिच्या सपाता माझ्यापासून हातभर अंतरावर होत्या. एकदा वाकली असती तर! पण गुडघा वाकू देत नव्हता. मुलगा आणि नात थंडीतून येतील, त्यांना गरम सौना मिळेल, एवढंच तिच्या मनात होतं. तिने बटण फिरवलं आणि दार ओढून घेतलं.

ऊब आधी छताशी गेली. मग खाली खाली येऊ लागली. मुरू नेहमीप्रमाणे गार बाजूला सरकली. मग त्या बाजूचाही गारवा गेला. मी काच आहे, मित्रांनो. आत आलेली ऊब धरून ठेवायची, एवढंच मला येतं. इतके दिवस त्याचंच कौतुक झालं होतं. आता मी तेच करत होते आणि मुरू पंजांनी माझ्या भिंती ओरबाडत होती. मी फुटले असते तर बरं झालं असतं. पण मी मजबूत होते.

बाहेरचं दार वाजलं. "या, या! एक गंमत आहे तुमच्यासाठी," आजी म्हणत होती. आणि मग सेल्माला तापलेल्या लाकडाचा वास आला असावा. धाड धाड पावलं वाजली आणि सौनाचं दार उघडलं.

"बूट घालून सौनात!" आजी मागून ओरडली. "सेल्मा! काही रीतभात आहे की नाही? यारक्को, बघ तुझी मुलगी!"

सेल्मा काही ऐकत नव्हती. तिने चौरंग भिरकावला, पालथी पडून मला दोन्ही हातांनी ओढलं आणि न्हाणीघराच्या गार फरशीवर आणून ठेवलं. तेव्हा मला तडा गेला. आता जाऊन काय उपयोग होता?

"हे काय आहे?" आजीने विचारलं.

"माझी पाल." सेल्मा रडत होती. "तुझ्यापासून लपवली होती."

यारक्को रित्वाला फोन करायला धावले. रित्वा म्हणाली, गार पाणी नको, कोमट फडकं घ्या, पोटाला लावा, हळू. सेल्माला रडता रडता ते जमेना. तेव्हा आजीने आपला रुमाल भिजवला, फरशीवर बसली, दुखरा गुडघा तसाच दुमडून, आणि म्हणाली, "दे इकडे."

सरपटणाऱ्या प्राण्याचं नाव काढलं तरी शहारणारी ती बाई. तिने मुरूला रुमालात घेतलं आणि अंगठ्याने तिच्या पाठीवरून हलकेच फिरवलं.

"इतकी मऊ असते?" ती म्हणाली.

मुरूने तोंड उघडून श्वास घेतले. मग ते विरळ होत गेले. शेवटी आजीच्या हातातच थांबले.

"चूक माझी आहे, आई," यारक्को म्हणाले. "मीच इथे ठेवायला सांगितलं."

"बटण कुणी फिरवलं?" आजी म्हणाली. "अगं सेल्मा, मला नुसतं सांगितलं असतंस तर…"

"तू म्हणाली होतीस, तू येणारच नाहीस."

"मी हसत होते ना गं! फोनवर. हसत म्हणाले होते मी."

"मला वाटलं, खरंच येणार नाहीस. मला तू पण हवी होतीस."

आजीने मुरूला सेल्माच्या ओंजळीत ठेवलं आणि तोंडाला पदर लावावा तसा तो ओला रुमाल लावला. त्या संध्याकाळी सौनात कुणी गेलं नाही. दगड आपोआप गार होत राहिले.

जमीन दगडासारखी गोठलेली होती, पुरायचं कुठे? मुरूला एका छोट्या डब्यात घालून फ्रीजरमध्ये ठेवावं लागलं. आजीने स्वतःच्या हाताने बेरींच्या पिशव्या सरकवून जागा केली. बर्फ वितळल्यावर आजीच्या गावी, तळ्याकाठी, मुरूला मूठमाती दिली. रित्वाचा फोन आला होता, नवी पिल्लं झाली आहेत म्हणून. सेल्मा म्हणाली, आता नको. रित्वालाही रुखरुख आहे. "घरी कोण असतं ते विचारलं, घरी कोण येतं ते विचारायला हवं होतं," असं ती यारक्कोंना म्हणाली.

मी आता आजीकडे असते. तिच्या सौनाशेजारच्या छोट्या खोलीत, खिडकीशी. माझ्यात तिने टोमॅटोची रोपं लावली आहेत. तडा गेलेल्या पेटीला तेवढं काम पुरे.

मित्रांनो, पाल पाळा, साप पाळा. पहिल्यांदा पाळताना गरीब, काटक, कमी खाणारा प्राणी निवडा, ते बरोबरच आहे. पण सोप्या प्राण्यालाही राहायला उघडी जागा लागते. ज्याला कुणापासून तरी लपवावं लागणार असेल, तो घरी आणू नका. आधी त्या माणसाशी बोला. कदाचित ते माणूस हसत असेल.

परवा शनिवारी सेल्मा आजीकडे आली होती. आजी सौना पेटवायला निघाली, सेल्मा लाकडं घेऊन मागून आली. आजी पेटवण्याआधी काय करते, हे मी दर शनिवारी बघते, सेल्माने मात्र पहिल्यांदाच पाहिलं. आजीने दार उघडलं, चौकट धरली, गुडघा कसाबसा वाकवला आणि बाकाखालच्या अंधारात बघत विचारलं, "आहे का कुणी आत?"

सेल्माने लाकडं खाली ठेवली. "आजी, आत कुणी नाही," ती म्हणाली.

"माहीत आहे गं," आजी म्हणाली आणि तशीच वाकून बघत राहिली.