वीतभर वर

सुमेधा गॅसचं बटण तीनदा तपासल्याशिवाय झोपत नसे. नव्या पनवेलच्या त्या इमारतीत सगळे तिला यावरून चिडवत. "वहिनी, गच्चीवरची टाकी पण बघून आलात ना?" समोरचे बंडू भाऊजी विचारायचे, आणि तिचा नवरा दिलीप म्हणायचा, "टाकी सकाळीच झाली, आता जिना बाकी आहे." बी. ए. झालेली, पाच वर्षांच्या नंदिनीची आई. ती हसून सोडून द्यायची. कुणीतरी लक्ष ठेवायला हवंच की.

म्हणून त्र्याऐंशीच्या सप्टेंबरात, पावसानं आठवडाभर उघडीप दिल्यावर, दोन्ही घरांनी मिळून एका रविवारी रानातली उकळी बघायला जायचं ठरवलं, तेव्हा अट तिनंच घातली. गोजरा सोबत असेल तरच जायचं, आणि एक मजबूत दोर न्यायचा.

गोजरा डोंगराच्या पायथ्याला कातकऱ्यांच्या पाड्यावर राहायची. आठवड्यातून दोनदा यांच्या जिन्याखाली खेकडे आणि रानभाजी घेऊन बसायची. उकळी तिच्या पाड्यापासून तासाभराच्या चालीवर. तिथे नदी खडकांच्या चिंचोळ्या वाटेतून अशी घुसळत उतरते, की लांबून पातेल्यात आधण आल्यासारखं दिसतं.

"दाखवीन की," गोजरा म्हणाली होती, "पन माझ्या काटीच्या हुकमात राहायचा."

काठावर पोचल्यावर ती काठी म्हणजे काय ते कळलं. गोजरानं आधी बराच वेळ पाण्याकडे बघितलं, मग डोंगराकडे. निरगुडीची हातभर फांदी मोडली आणि पाण्यापासून चार बोटांवर, ओल्या वाळूत रोवली.

"पानी हिच्या बुडाला लागला का उठायचा. वर डोंगरात पाऊस पडला तर हितं ऊन असताना बी पानी चढतं. जेवन अर्ध्यावर असंल तरी उठायचा. काय?"

"मी बघते काठीकडे," सुमेधा म्हणाली.

"वहिनींना काम मिळालं," बंडू भाऊजी म्हणाले.

पाड्यावरच्या बायका नदी उतरून पलीकडच्या रानात कंदांना, भाजीला जायच्या, त्याही गोजराच्याच काठीवर. काठी कोरडी तोवर पलीकडे, भिजली की माघारी. गोजरानं हे चालता चालता सांगितलं होतं, त्यात बढाई नव्हती.

उकळीच्या खाली, पात्राच्या मधोमध एक सपाट कातळ होता. तिथवर घोट्याएवढंच पाणी. दिलीप, बंडू भाऊजी, त्यांची बायको सरस्वतीवहिनी आणि नंदिनी जाऊन त्यावर पाय सोडून बसले. गोजरानं चुलीपुरती काटकी काढून दिली आणि आणखी सुकी मिळते का बघायला रानात शिरली. सुमेधानं काठावर तीन दगड मांडले, खिचडीचं सामान काढलं आणि मान वर केली, तर मधल्या गवतामुळे काठी नीट दिसेना.

तिनं नंदिनीच्या वेणीची लाल रिबीन पिशवीतून काढली. काठीला बांधली की लांबूनही दिसेल. गाठ आवळताना काठी उपटून हातात आली. तिनं पुन्हा रोवली, पण त्या सैल वाळूत ती कलंडायला लागली. मग वर, वीतभर अंतरावर, घट्ट माती होती तिथे तिनं ती दाबून सरळ उभी केली. जवळजवळ तिथेच तर होती.

आणि मग तिनं रिबिनीवरून नजर हलवली नाही. तांदूळ धुताना नाही, कांदा चिरताना नाही.

आधी आवाज बदलला. मग पाणी लालसर झालं. सुमेधानं काठीकडे बघितलं. बूड कोरडं होतं. तिनं पळीनं खिचडी हलवली. तेवढ्यात गोजरा काटक्या टाकून धावतच आली, "उठा, उठा," करत. कातळावरची चौघं उभी राहिली तेव्हा मधलं पाणी मांडीला आलं होतं.

गोजरानं दोराचं एक टोक झाडाला बांधलं, दुसरं घेऊन पाण्यात उतरली, दिलीपच्या कमरेला आवळलं आणि नंदिनीला कडेवर घेऊन दोर धरत काठाला आली. परत गेली. सरस्वतीवहिनींना आणताना तिचा पाय दोन धोंड्यांत अडकला आणि प्रवाहानं तिला त्या पायावर पिरगाळलं. तरी तिनं वहिनींचा हात सोडला नाही. मागून पुरुष आले. सगळे आले. गोजराचा गुडघा तेवढा सुजून मडक्याएवढा झाला.

ती काठावर बसून काठीकडे बघत राहिली. पाणी तिथवर आत्ता कुठे पोचत होतं.

"माझ्या काटीची खून चुकली," ती म्हणाली.

काठी आपण हलवली होती, हे सुमेधानं सांगितलं नाही. तिच्या कुशीत नंदिनी थरथरत होती.

त्यानंतर जिन्याखाली गोजराऐवजी तिच्या पाड्यावरची म्हातारी चांगुणाबाई बसायला लागली. बंडू भाऊजी येताजाता म्हणायचे, "कसली जाणकार? मरता मरता वाचलो." सुमेधा मान खाली घालून खेकडे घ्यायची, घरी कुणी खात नसताना.

तिसऱ्या आठवड्यात तिनं विचारलं, "गोजराचा पाय कसा आहे?"

"पाय होईल बरा. पन काटी रोवीत नाय ती. म्हंते, माझी नदर गेली. आमी बाया आता अंदाजानं उतरताव. परवा माझी सून गळ्याइतक्या पान्यातनं आली."

संध्याकाळी तिनं दिलीपला सगळं सांगितलं. तो बराच वेळ बुटाची नाडी सोडत बसला.

"मुद्दाम केलंस का? नाही ना. पोरगी सुखरूप घरात आहे. आता कशाला उकरायचं?"

"पाड्यावरच्या बायकांतली एखादी वाहून गेली तर?"

त्यानं बूट उचलून कोपऱ्यात ठेवले. त्या रात्री सुमेधानं गॅसचं बटण बघितलंच नाही.

रविवारी ती चांगुणाबाईबरोबर एस.टी.नं पाड्यावर गेली. गोजरा झोपडीपुढे पाय लांब करून बसली होती. सुमेधा तिच्यासमोर मातीतच बसली आणि सांगायला लागली. रिबीन, गाठ, सैल वाळू. वाटेत पाठ केलेलं सगळं विस्कटलं.

गोजरानं मधेच विचारलं, "किती वर?"

सुमेधानं वीत पसरून दाखवली. गोजरानं तिच्या शेजारी आपली वीत टेकवली आणि दोन्ही हातांकडे बघत राहिली.

"म्हंजी माझी काटी बराबर व्हती."

"हो."

"वीस दिस म्या नदीकडं बगितलं नाय, ताई."

तिनं शिवी दिली असती तर सुमेधाला बरं वाटलं असतं. "मला माफ कर," ती म्हणाली.

"ते मंग बगू. आदी बायांना सांग."

गोजरानं हाक मारली तशा आठदहा बायका जमल्या. सुमेधानं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. चांगुणाबाईची सून कडेवरचं मूल सावरत म्हणाली, "शिकलेली हायस ना तू?" कुणी हसलं नाही. सुमेधानं मान हलवली. अजून बंडू भाऊजींना सांगायचं होतं, सरस्वतीवहिनींना सांगायचं होतं.

मग गोजरा चांगुणाबाईच्या खांद्यावर हात टाकून उठली आणि लंगडत पाड्याखालच्या उतारावरून नदीवर गेली. बायका मागून, सुमेधा सगळ्यांच्या मागे. गोजरानं पाण्याकडे बघितलं, डोंगराकडे बघितलं, पुन्हा पाण्याकडे. निरगुडी मोडली आणि रोवली. बायका टोपल्या घेऊन उतरायला लागल्या.

काठी थोडी कलती उभी होती. सुमेधाचा हात आपोआप पुढे झाला. तिनं तो मागे घेतला, दोन्ही हात पदराखाली धरले आणि शेवटची बाई पलीकडे पोचेपर्यंत तशीच उभी राहिली.