ऐकल्यापासून

देवेश घाडी अंधेरीच्या एमआयडीसीत लाखेच्या तबकड्या कापायचा. एवढं सांगितलं की लोकांना वाटायचं, बांगड्यांचा धंदा असेल. सासुरवाडीत तर हा समज लग्नापासून होता आणि देवेशने तो कधी दुरुस्त केला नाही. खरं सांगायचं तर फार बोलावं लागतं. काळ्या लाखेचा थर दिलेली ॲल्युमिनियमची थाळी यंत्रावर फिरते, तापलेली सुई त्या थरात गाण्याची खाच कोरत आत सरकते, मग त्या थाळीवरून साचा बनतो आणि साच्यावरून रेकॉर्डी निघतात. सुई एकदा टेकली की बाजू संपेपर्यंत उचलायची नाही. मधे थांबलात तर थाळी भंगारात.

रेकॉर्डींची फॅशन परत आल्यापासून यंत्राला भाव आला होता. यंत्र देवेशपेक्षा वयाने मोठं होतं. स्टुडिओ बघायला येणारे लोक यंत्रासोबत फोटो काढायचे आणि फोटो काढायला देवेशला सांगायचे.

त्या दिवशीचं काम गणपतीच्या आरत्यांचं होतं. मुलुंडच्या एका मंडळाचं पंचाहत्तरावं वर्ष. मोठा गायक, चाळीस वादक, आणि रेकॉर्ड भेट द्यायला निवडलेले मान्यवर. त्यातल्या एकाकडेही रेकॉर्ड वाजवायचं यंत्र नव्हतं, पण मान्यवरांना भेटी वाजवायच्या नसतातच. मंडळाचे सेक्रेटरी विद्याधर मयेकर सकाळीच येऊन बसले. त्यांनी जर्मन यंत्राला हळदकुंकू लावलं, मोटरपासून सुरक्षित अंतरावर नारळ ठेवला आणि देवेशला विचारलं की घरात सुतकबितक नाही ना. देवाचं काम आहे, सुतकी हात लागायला नकोत.

देवेश नाही म्हणाला. तेव्हा ते खरं होतं.

पहिली थाळी यंत्रावर चढवून तो हात पुसत होता तेवढ्यात विमलाचा, म्हणजे बायकोचा, फोन आला. एरवी ती कामाच्या वेळी फोन करत नसे. "अहो," म्हणाली आणि थांबली. त्या थांबण्यावरूनच त्याच्या लक्षात आलं. घाटकोपरला भटवाडीत त्याचा थोरला भाऊ, चंद्रप्रकाशदादा, कित्येक महिने अंथरुणाला खिळलेला होता. देवेश दर रविवारी पपई घेऊन जायचा. पपई कुणी खायचं नाही. तो दादाकडे बघत बसायचा, दादा पंख्याकडे. रडण्याची वेळ कधीतरी येऊन गेली असावी, देवेश त्या दिवशी कामावर असावा.

"थांब," तो म्हणाला. "काही सांगू नकोस. दोन बाजू होईपर्यंत मला काही सांगायचं नाही."

विमलाने फोन ठेवला. तिला कारण समजावून सांगायची गरज नव्हती. घाड्यांची भावकी मालवणपासून विरारपर्यंत पसरलेली. कुठे ना कुठे कुणी ना कुणी जात असतंच, सगळी सुतकं पाळायची तर गणपती बसवायला तिथी उरणार नाही. म्हणून एक सोय होती. सुतक ऐकल्यापासून. कानावर पडलं नाही तोवर माणूस जिवंत, निदान धार्मिकदृष्ट्या. देवेशच्या चुलतबहिणीच्या लग्नात दोघांचाही सख्खा काका सकाळी गेला होता आणि अख्ख्या मांडवाला ते ठाऊक होतं, पण कुणी बोललं नव्हतं. जिलेबी पुरली नाही.

पुतण्या नितेशचा फोन येणारच, म्हणून देवेशने आपला मोबाइल संघमित्राकडे दिला. संघमित्रा शेजारच्या खोलीत बसून गाण्यांचा आवाज कापण्यालायक करून द्यायची. घरच्यासारखं मोकळं बोलणारी बाई. तो म्हणाला, फोन आला तर घे, पण मला काही सांगू नकोस. तिने असं का म्हणून विचारलं. त्याने सुतकाचं सांगितलं.

"आमच्यात नाही रे असलं काही," ती म्हणाली. "मेलं की मेलं."

पहिली बाजू सुरू झाली. सुईच्या मागे लाखेचा केसासारखा धागा निघत होता आणि नळी तो ओढून घेत होती. देवेश सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसला. मोठा गायक आरती अगदी ठाय लयीत म्हणत होता. दादा आरतीला उभा राहिला की नेहमी टाळीच्या पुढे धावायचा, कडव्याचा शेवटचा शब्द सगळ्यांच्या आधी गाठायचा आणि मग बाकीच्यांकडे, तुम्ही अजून तिथेच, अशा नजरेने बघायचा. ती जागा आली. देवेशने आवाजाची पातळी पाहिली. ठीक होती.

बाजू निघाली. खाच स्वच्छ होती. चहा आला तेव्हा संघमित्रा दारात येऊन उभी राहिली. तिचा चेहरा बघून देवेश म्हणाला, बोलू नकोस.

"मी कुठे काय बोलतेय. घाटकोपरला मेट्रो जाते एवढंच म्हणते."

"ठाऊक आहे. रोज जातो."

"दुपारी तीनच्या आत पोचलेलं बरं. तीननंतर काय उपयोग नाही मेट्रोचा."

"बरं."

मयेकरांनी बशीतला चहा संपवून विचारलं की घरी सगळं ठीक ना. देवेश म्हणाला, अजून तरी काही कळलेलं नाही. मयेकर वेंगुर्ल्याचे. त्यांनी हे उत्तर आयुष्यात बऱ्याच वेळा ऐकलं होतं आणि दोनदा दिलंही होतं. त्यांनी बशी खाली ठेवली, उठून दार लावलं, कडी घातली. "मीसुद्धा काही ऐकलेलं नाही," ते दाराकडे बघत मोठ्याने म्हणाले. मग रिसेप्शनच्या फोनची वायर काढून खिशात घातली. पावित्र्य राखायला आलेला माणूस आता देवेशचे कान राखू लागला. त्यांचा स्वभाव मुळात मदतीचा होता.

दुसरी बाजू जेवणाआधी निघाली. थाळ्या त्याच दिवशी वसईला चांदीचा मुलामा चढवायला पाठवायच्या होत्या, लाख मऊ असते, फार थांबत नाही. टेम्पो खाली उभा होता. तीन वाजायला चांगला अवकाश होता. देवेशने थाळी सूक्ष्मदर्शकाखाली घेतली आणि बराच वेळ पाहिली.

"लागलंय," तो म्हणाला. "दोन खाचा एकमेकींना लागल्यात. परत कापावी लागेल."

संघमित्रा पुढे आली. तिने डोळा लावला. थाळी एकदा पूर्ण फिरवली, मग उलट फिरवली.

"कुठे लागलंय?"

"लागलंय."

"देवेश. नाही लागलेलं."

"तुला नाही दिसत."

मयेकर म्हणाले, देवाच्या कामात शंका नको, कापा परत. कोऱ्या थाळ्या तीनच आलेल्या. पुढची खेप कधी येईल ते परदेशातल्या कंपनीला विचारलं तर उत्तरात नुसत्या शुभेच्छा यायच्या. जेवण झाल्यावर देवेशने तिसरी थाळी काढली, कडा धरून यंत्रावर ठेवली, सुई तापायची वाट बघितली, नंतर आणखी थोडी बघितली. संघमित्राने त्याचा मोबाइल टेबलावर पालथा ठेवला आणि आपल्या खोलीत गेली.

तीन वाजले तेव्हा सुई तिसऱ्या आरतीवर होती. उठता येत नव्हतं. सुई एकदा टेकली की उठता येत नाही, हे कुणालाही मान्य व्हावं. ही थाळी आधीच्यापेक्षा चांगली निघाली नाही, वाईटही नाही. दोन्ही सारख्याच. टेम्पो गेला. मयेकरांनी नारळ फोडला, खोबऱ्याचा तुकडा देवेशच्या हातावर ठेवला, वायर परत जोडली आणि जाताना त्याचा हात जरा जास्तच वेळ धरून ठेवला.

देवेशचं घर नाहूरला. म्हणजे रोज घाटकोपरला मेट्रोतून उतरायचं आणि पुलावरून मध्य रेल्वेकडे जायचं. पुलावर भटवाडीच्या बाजूचा जिना डावीकडे लागला. तो सरळ चालत गेला.

दार विमलाने उघडलं. केस ओले, साडी साधी. देव्हाऱ्यात दिवा नव्हता. भटवाडीहून येऊन बराच वेळ झालेला असावा. तिने पाणी दिलं नाही की बसा म्हटलं नाही. तो चप्पल न काढता उभा राहिला.

"झाल्या दोन्ही बाजू," तो म्हणाला.

"बरं."

"आता सांग."

विमला भिंतीला टेकली. ओरडली असती तर सोपं गेलं असतं. "नितेश स्मशानात पाणी सोडायच्या आधी थांबून राहिला," ती म्हणाली. "भटजी दोनदा म्हणाले, घ्या आता. तो म्हणाला, काका येतोय. सगळे रस्त्याकडे बघत होते. मी पण बघत होते, मला ठाऊक असून."

"सांग ना, विमल."

"नाही. तुम्ही ऐकायचं नाही म्हणालात, मी नाही सांगितलं. आता मी सांगणारच नाही. कुणीच नाही सांगणार, मी सगळ्यांना तसं सांगितलंय. तुम्हीच बोला."

त्याला वाटलं होतं की हा सगळ्यात सोपा भाग असेल. त्याने तोंड उघडलं. जिना चढून कुणीतरी वरच्या मजल्यावर गेलं, कुलूप उघडलं, दार लागलं. त्याने तोंड मिटलं, मग परत उघडलं. विमला मदतीला आली नाही.

"दादा गेला," तो म्हणाला.

आवाज थोडा घाईचा आला. स्वतःच्याच कानावर पडला. त्याने वाट बघितली. आत काही हललं की नाही ते कळेना.

विमलाने भिंत सोडली. खुंटीवरचा पंचा काढून त्याच्यापुढे धरला, हाताला हात लागणार नाही असा.

"जा," ती म्हणाली. "आंघोळ करा."