नाळेवरचा अंगारा

बीडच्या वरच्या आळीत, मारुतीच्या पारापाशी त्या सकाळी मुंगीला शिरायला जागा नव्हती. धुनीबुवा उघडा पंजा लोकांपुढं फिरवायचा, बोटं चोळायचा, आणि रिकाम्या बोटांतून भुरुभुरु राख पडायची. बाया पदर पसरत. बाप्ये डोळे मिटून हात जोडत. म्हणजे नेमकं जेव्हा बघायचं, तेव्हाच मिटत.

"नारायणगडाच्या धुनीतला अंगारा हाय," बुवा नाकात बोलायचा. "लेकराच्या नाळेवर दाबून भरा. कळिकाळ उंबरा वलांडायचा न्हाई."

कळिकाळ मात्र खुशाल ओलांडत होता. वरच्या आळीत पाळणा बांधला जायचा आणि बारशाआधीच सोडला जायचा. आठवडा होतो न होतो तोच बाळ दूध ओढेनासं व्हायचं. जबडा मिटायचा, एवढंसं अंग कमानीसारखं ताठायचं आणि खेळ आटपायचा. नाल्यापलीकडच्या पिंजार गल्लीत मात्र लेकरं रांगत होती, भांडत होती, पिंजलेल्या कापसात लोळत होती. दोन्हीकडं निजामाचंच राज्य, दोन्हीकडं सारखीच गरिबी, आणि सुईणही एकच, पिंजार गल्लीतली हजराबी.

बुवाकडं याचाही उलगडा तयार होता. "ती सुईण तुमच्या लेकरांचं आयुष्य वटीत घालून पलीकडं नेती. तिकडं जगतंय ते तुमचंच हाय."

आळीला हे लगेच पटलं. आपल्या घरात काय चुकतंय हे शोधण्यापेक्षा पलीकडच्या बाईवर खापर फोडणं केव्हाही सोपं. आज हजराबीचं मुंडण करून तिला गावाबाहेर हाकलायचं ठरलं होतं. न्हावी वस्तरा परजून पाराच्या कडेला बसला होता.

गर्दीत मनकर्णा उभी होती, टांगेवाल्या बंकटची बायको. तिला नववा महिना लागला होता. आधीची दोन लेकरं मातीआड गेली होती. दोन्ही हजराबीच्याच हातानं सुटली होती, आणि धडधाकट. हजराबी घरी गेल्यावर सासूनं, छबुबाईनं, मोठ्या भक्तीनं त्यांच्या नाळेत अंगारा भरला होता. ते आठवून आठवून मनकर्णाची झोप उडाली होती. म्हणून कालच ती सरकारी दवाखान्यात जाऊन डॉक्टर राधाकिशन यांना सगळं सांगून आली होती. डॉक्टर एवढंच म्हणाले होते, "ती राख मला बघायचीय. उद्या येतो."

दोघांनी दंड धरून हजराबीला पारापाशी आणलं. "तुम सब मेरेच हात से पैदा हुए, बाबा," म्हातारी म्हणाली. कुणी तिच्याकडं बघेना.

मनकर्णा पुढं झाली. "एक इचारते. आळीच्या टोकाला म्हाळूचं घर हाय. त्याची लेकरं हजराबीनंच सोडवली. ती सगळी जगली. त्यांचं आयुष्य तिनं कावून न्हाई नेलं?"

म्हाळूच्या सावलीचाही बुवाला विटाळ व्हायचा. त्या घराला त्यानं कधी चिमूटभर अंगारा दिला नव्हता.

"त्यांच्या लेकरांना यमबी शिवत न्हाई," बुवा म्हणाला. लोक खदाखदा हसले.

"मंजी अंगारा नसला की यम शिवत न्हाई," मनकर्णा म्हणाली. "मलाबी त्येच वाटलं."

हसू जागच्या जागी विरलं. तेवढ्यात डॉक्टर गर्दीतून वाट काढत आले आणि त्यांनी बुवाचा पंजा धरून बोटं फाकवली. बेचक्यातून एक करडी गोळी खाली पडली. डॉक्टरांनी ती उचलून चोळली. त्यांच्याही बोटांतून तशीच राख पडली.

"भाताच्या पेजेत राख कालवून वळलेली गोळी," ते म्हणाले. "वाळली की बेचक्यात लपते, चोळली की भुगा होतो."

मग त्यांनी बुवाची झोळी पारावर उलटी केली. राखेत अर्धवट जळलेल्या काड्या होत्या, गोळे होते.

"बंकट, हे काय आहे?" त्यांनी गर्दीत उभ्या असलेल्या बंकटला विचारलं.

बंकटनं एक गोळा हातात फोडला. "घोड्याची लीद," तो म्हणाला. "आमच्याच तबेल्यातली. बुवाचा चेला रोज पाटीभर नेतो. म्या म्हनलं, खताला नेत आसंल." तो तिथंच मातीत बसला.

"नाळ म्हणजे उघडी जखम," डॉक्टर सांगू लागले. "घोड्याच्या लिदीत धनुर्वाताचे जंतू असतात. अशा कच्च्या जाळानं ते मरत नाहीत. तुम्ही ते लेकरांच्या जखमेत भरत होता."

"थोतांड हाय हे," बुवा किंचाळला. "अंगाऱ्यानं जखम भरती!"

मनकर्णानं न्हाव्याच्या हातातला वस्तरा घेतला. "मग बोट द्या, बुवा. एक चीर पाडते आन् तुमचाच अंगारा भरते. पंधरा दिसांनी धडधाकट दिसलात, तर हजराबीचं मुंडण म्या सोता करीन."

बुवानं हात कफनीत घातला. तो बाहेर काढेचना. या वेळी मात्र सगळ्यांचे डोळे उघडे होते.

हजराबीचे दंड कुणी सोडले ते कळलं नाही. दुपारपर्यंत बुवा आणि चेला गाव सोडून पसार झाले. संध्याकाळी आळीतला जो तो सांगत होता, मला आधीपासूनच संशय होता.

छबुबाई तसं म्हणाली नाही. ती चुलीपुढं बसून स्वतःच्या हातांकडं बघत होती. "म्याच भरला गं," एवढंच ती सुनेला म्हणाली. मनकर्णानं तिला पाणी दिलं.

पुढं मनकर्णाला मुलगी झाली. हजराबीनं डॉक्टरांच्या सांगण्यावरून नाळ कापायचं पातं आणि बांधायचा दोरा उकळून घेतला. नाळेवर स्वच्छ फडकं ठेवलं, दुसरं काही नाही. बारशाच्या दिवशी पोर आईला घट्ट बिलगून दूध पीत होती आणि छबुबाई पाळण्याची दोरी धरून बसली होती.

एका आळीत लेकरं मरतात आणि दुसरीत जगतात, तेव्हा कुणाचा कोप झाला हे विचारू नका. दोन्ही घरांत जा. तिथं काय केलं जातं आणि इथं काय केलं जातं, ते डोळे उघडे ठेवून बघा. एवढं आधी केलं असतं, तर वरच्या आळीतही पोरांचा गलका असता.